मोठ्या शहरात ॲक्युपंक्चर: वाटेवरचा थेरपिस्ट, मोजकी सिटिंग, रोजची नोंद

ॲक्युपंक्चरचा, म्हणजे शरीरावरच्या ठरलेल्या जागी बारीक सुया लावण्याच्या उपचाराचा कोर्स मोठ्या शहरात मोडतो तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या सिटिंगनंतर, आणि सुई दुखली म्हणून मोडत नाही. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, तिथे एक तास. एका सिटिंगचे अडीच तास झाले, दहा सिटिंगचे पंचवीस, आणि त्यातले पंधरा नुसते रस्त्यात. कंबर दुखते म्हणून निघालेला माणूस हे पंधरा तास गर्दीत उभा राहून काढणार असेल, तर टेबलावर जे सैल झालं ते परतीच्या वाटेवर पुन्हा आखडतं.

म्हणून "शहरातला सगळ्यात चांगला कोण?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी नकाशा उघडा. घर आणि कामाची जागा यांमधली रोजची वाट धरा, तिच्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येईल एवढा पट्टा आखा आणि नावं त्या पट्ट्यातच शोधा. दुसऱ्या टोकाच्या नामांकित माणसाकडे चारदा जाऊन सोडून देण्यापेक्षा वाटेवरच्या नेटक्या थेरपिस्टकडे दहादा जाणं कधीही फायद्याचं. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ मिळत असेल तर ती घ्याच. दर वेळी नव्याने अपॉइंटमेंट जुळवावी लागली की दोन आठवड्यांत खाडे सुरू होतात.

सुया कशावर चालतात

सगळ्यात भक्कम पुरावा जुनाट दुखण्यांचा आहे: कंबर, मान, खांदा, गुडघ्याची झीज, वारंवार उठणारी डोकेदुखी, मायग्रेन. ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ रुग्णांची मूळ आकडेवारी एकत्र करून केलेलं विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. या दुखण्यांत त्यात फरक दिसला, आणि उपचार संपून वर्ष झाल्यावरही मिळालेल्या आरामातला जेमतेम १५ टक्के भाग ओसरला होता. शस्त्रक्रियेनंतरची आणि केमोथेरपीतली मळमळ हा दुसरा बऱ्यापैकी तपासलेला भाग.

आता त्याच नाण्याची दुसरी बाजू. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २००७ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के लोकांना उतार होता, औषधं आणि व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्क्यांना. पण तिसराही एक गट होता. त्यांना नेमके बिंदू, म्हणजे सुया लावायच्या ठरलेल्या जागा, सोडून भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या होत्या, आणि त्यांच्यातही ४४.२ टक्क्यांना उतार पडला. यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. "आमच्याकडे खास गुप्त बिंदू आहेत" असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून निघावं. आणि ॲक्युपंक्चरच्या गटातही निम्म्याहून अधिक लोकांना चाचणीत ठरवलेल्या मापाचा फरक पडला नव्हता, म्हणजे आपण कोणत्या निम्म्यात आहोत हे स्वतःवर मोजूनच कळणार.

वजन उतरवणं आणि सिगारेट सोडवणं यांसाठीचा पुरावा कमकुवत आहे. आयव्हीएफबरोबर, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराबरोबर, सुया घेतल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढतं का, हे २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं आणि फरक आढळला नाही. संसर्ग, कॅन्सरची गाठ, मोडलेलं हाड, मधुमेहातली इन्सुलिनची गरज, इथे सुईचं काही काम नाही. कॅन्सरमधल्या वेदना किंवा मळमळीसाठी ती मूळ उपचारांच्या जोडीला घेतात, त्यांच्या जागी नाही. क्लिनिकच्या भिंतीवर "जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले आजार" अशी लांबलचक यादी टांगलेली दिसेल. ती बहुधा संघटनेच्या २००२ च्या अहवालावरून घेतलेली असते. त्यात २८ तक्रारींवर परिणाम सिद्ध झाल्याचं म्हटलं होतं, पण त्यासाठी धरलेल्या चाचण्यांचा दर्जा एकसारखा नव्हता. त्या यादीवरून निर्णय घेऊ नका.

आधी निदान, मग सुई. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणं, पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन, कुठल्याच कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, काही सेकंदांत शिगेला पोचलेली डोकेदुखी: यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल. सुईने दुखणं दोन दिवस दबलं आणि निदान तेवढं लांबलं, हा या उपचारातला खरा मोठा धोका आहे. त्यापुढे सुईची जखम किरकोळ.

कुठे आणि कोणाकडे

मोठ्या शहराचा फायदा असा की एकाच उपचाराची चार-पाच दारं असतात. मोठ्या हॉस्पिटलांच्या पेन क्लिनिकमध्ये ॲक्युपंक्चर मिळू शकतं. तिथे थांबावं लागतं, पण तुमचे रिपोर्ट त्याच इमारतीत असतात. स्वतंत्र थेरपिस्टकडे वेळ जास्त मिळतो. ॲक्युपंक्चर शिकवणाऱ्या संस्थांची स्वतःची क्लिनिकं असतात, तिथे शिक्षकांच्या नजरेखाली विद्यार्थी सुया लावतात. खर्च कमी, तपासणी लांबलचक, आणि संकोच नसेल तर पर्याय चांगला. सामुदायिक पद्धतीच्या क्लिनिकमध्ये एकाच दालनात आरामखुर्च्या मांडलेल्या असतात आणि बहुतेक सुया कोपराखाली, गुडघ्याखाली, डोक्यावर आणि कानावर लावतात. डोकेदुखी, झोप, ताण यांसाठी ही जागा स्वस्त आणि पुरेशी आहे. कंबरेत किंवा खांद्याच्या स्नायूत सुई हवी असेल तर नाही.

फिजिओथेरपिस्ट ज्याला ड्राय नीडलिंग म्हणतात त्यात सुई तीच असते, पण ती दुखऱ्या स्नायूच्या गाठीतच घालतात आणि स्नायू फडकेपर्यंत खालीवर करतात. ते जास्त दुखतं. मानेची एखादी आवळलेली गाठ सोडवायला उपयोगी; मायग्रेन कमी करायला मात्र हा मार्ग सहसा धरत नाहीत.

पद्धतींची नावं ऐकून गांगरू नका. चिनी पद्धतीत जीभ बघतात, दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी बघतात आणि सुई खोल घालून पिळतात. जपानी पद्धतीत ०.१६ ते ०.२० मिमीची बारीक सुई अगदी उथळ जाते. सुईची धास्ती असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. कानावरच्या बिंदूंची आजची मांडणी फ्रान्समध्ये पॉल नोजिए यांनी १९५० च्या दशकात केली, म्हणजे "हजारो वर्षांचा कानाचा नकाशा" असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरमध्ये दोन सुयांना क्लिप लावून सौम्य वीजप्रवाह सोडतात. गुडघा आणि कंबर यांसाठी पुष्कळजण ते वापरतात.

पात्रतेचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण तपासायच्या गोष्टी त्याच. नोंदणी क्रमांक मागा आणि तो नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या किंवा संघटनेच्या यादीत स्वतः शोधा. भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. प्रशिक्षण किती तासांचं होतं ते विचारा. दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि शनिवार-रविवारचा वर्ग यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर दिसतं छातीच्या पिंजऱ्यावर सुई लावताना.

यादीतल्या तीन नावांना फोन करा. "माझ्या या तक्रारीसाठी साधारण किती सिटिंग लागतील, आणि फरक पडला नाही तर कितव्यानंतर थांबायचं?" हा पहिला प्रश्न. याचं उत्तर आकड्यात आलं पाहिजे. "बघू, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं" एवढंच उत्तर मिळालं तर पुढचं नाव काढा. मग विचारा: सुया एकदा वापरून टाकता ना? एका तासात किती पेशंट घेता? दोन-तीन असतील तर ठीक, सहा असतील तर टेबलावर पडल्यावर हाक मारायला जवळ कुणी नसेल. सुई लावणारा आणि तपासणारा एकच का? सुया लागलेल्या असताना बोलवायला घंटा असते का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण वीस मिनिटं पालथं पडून नाक खाजायला लागलं की त्याची किंमत कळते.

वीस-तीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, सवलत कितीही असो. चार ते सहापर्यंतचे पैसे आगाऊ दिले तर चालेल, तेही उरलेले परत मिळण्याची अट लेखी असेल तर.

सुरू करण्याआधीचा आठवडा

पहिल्या सिटिंगच्या आधी सात दिवस नोंद ठेवा. हे टाळलंत तर पुढे सगळा अंदाजपंचे कारभार. तीन रकाने पुरे. एक, दुखण्याचा ० ते १० मधला आकडा, रोज एकाच वेळी, समजा रात्री नऊला. दोन, एक ठरावीक काम: सलग किती मिनिटं बसता आलं, किती जिने चढलो, मान वळवून मागची गाडी दिसली का. तीन, त्या दिवशी खाल्लेल्या पेनकिलर गोळ्या. डोकेदुखी असेल तर आकड्यापेक्षा महिन्यातले डोकं दुखलेले दिवस मोजा.

तिसरा रकाना सगळ्यात खरा बोलतो. आज बरं वाटतंय की नाही हे मूडवर जातं; पाकिटातल्या गोळ्या मूडवर जात नाहीत.

याच आठवड्यात चालू औषधांची यादी कागदावर लिहून काढा आणि पुढच्या गोष्टी न विचारता स्वतःहून सांगायच्या म्हणून खाली नोंदवा. रक्त पातळ करणारी गोळी: सुया वर्ज्य नाहीत, पण खोल सुई टाळतात आणि काढल्यावर जास्त वेळ दाबून धरतात. पेसमेकर किंवा मिरगीचा त्रास: वीजप्रवाह नको. गर्भारपण किंवा त्याची शक्यता: अंगठा आणि तर्जनीमधला बिंदू, घोट्याच्या आतल्या बाजूला वर असलेला बिंदू आणि ओटीपोट परंपरेने टाळतात. हृदयाची झडप बदललेली असेल तर कानात दिवसेंदिवस ठेवायच्या बारीक सुया नकोत, कारण त्यातून जंतू रक्तात जाऊ शकतात. गाठ काढताना काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्या असतील आणि त्या हाताला सूज येत असेल तर त्या हाताला सुई नको. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर उष्णतेचा दिवा आणि शेक यांपासून सावध, कारण भाजलं तरी कळत नाही. निकेलची ॲलर्जी असेल तर तेही सांगा, सुयांच्या स्टीलमध्ये निकेल असतं.

पहिलं सिटिंग

रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंब जेवूनही नको. दीड-दोन तास आधी हलकं खाल्लेलं बरं. ढगळ कपडे, बाही कोपरावर आणि पायजमा गुडघ्यावर सहज चढेल असे. चिनी पद्धतीचा थेरपिस्ट असेल तर त्या दिवशी जीभ घासू नका आणि रंग चढवणारं पेय घेऊ नका, नाहीतर त्याला जिभेचा नाही, पेयाचा रंग दिसेल. पहिल्या वेळेला तास-दीड तास धरून चला, पुढची सिटिंग पाऊण तासात आटोपतात.

टेबलावर आडवं व्हायच्या आधी खोलीत चार गोष्टी नजरेखालून घाला. हात धुवायची सोय. टेबलावर नवा कागद किंवा धुतलेली चादर. वापरलेल्या सुया टाकायला कडक प्लॅस्टिकचा, टोचून फुटणार नाही असा झाकणाचा डबा. आणि सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय का. पाकिटावर निर्जंतुक असल्याची खूण, मुदतीची तारीख आणि सुईचं माप छापलेलं असतं. ०.२५ गुणिले ४० असं लिहिलं असेल तर जाडी पाव मिलिमीटर, लांबी चार सेंटिमीटर. "तुमच्या सुया तुमच्याच नावाच्या डबीत ठेवू, पुढच्या वेळी त्याच वापरू" असं कुणी म्हणालं तर उठून निघा. सुया स्वच्छ करून पुन्हा वापरण्यातूनच पूर्वी हेपॅटायटिस बी पसरल्याचे प्रकार घडले होते.

दंडात इंजेक्शन देतात ती सुई साधारण ०.६ मिमी जाड, पोकळ आणि तिरकी कापलेली असते. ही तिच्या निम्म्याहून बारीक, भरीव आणि निमुळती. बहुतेक ठिकाणी ती प्लॅस्टिकच्या नळीतून लावतात. नळी त्वचेवर उभी टेकवली की सुईची मूठ नळीच्या वर तीन-चार मिलिमीटर डोकावते. तिच्यावर बोटाने टिचकी मारतात, आणि त्या क्षणी जाणवते ती नळीच्या कडेची थाप. टोचल्याची कळ त्यात झाकून जाते. मग नळी उचलतात, मूठ दोन बोटांत धरून सुई हळूहळू आत नेतात आणि थोडी पिळतात. इथे एक वेगळीच संवेदना येते: बोथट, जड, आतून दाटून आल्यासारखी, कधी सुईच्या जागेपासून वीतभर पसरत जाणारी. चिनी भाषेत हिला दे-ची म्हणतात. ती आली की थेरपिस्ट थांबतो, म्हणून आली की सांगा.

ही संवेदना आणि चूक यांतला फरक ओळखायला शिका. विजेचा झटका बसल्यासारखी सणक बोटापर्यंत गेली तर सुई मज्जातंतूला लागली आहे, ताबडतोब बोला, ती मागे घ्यायला हवी. त्वचेवरच जळजळ होत असेल तर बहुधा स्पिरिट वाळायच्या आत सुई घातली. सुई लावून मिनिटभरानेही टोचत राहिलं तर तीही हलवायला सांगा. सहन करण्याचं इथे कसलंही बक्षीस नाही.

साधारण सहा ते पंधरा सुया लागतात आणि वीस ते तीस मिनिटं ठेवतात. त्या वेळात कूस बदलू नका, आत सुई वाकते. फोन बाजूला ठेवा. झोप लागली तर छानच. सुया लावताना आणि काढताना मोजा, थेरपिस्टलाही मोठ्याने मोजायला सांगा. विसरलेली सुई सापडते ती केसांत, कानामागे किंवा पांघरुणाखाली झाकलेल्या पोटरीवर.

बिघडतं कुठे

घेरी येणं हा पहिल्या सिटिंगचा नेहमीचा पाहुणा. बसवून सुया लावल्या, पोट रिकामं, मनात धास्ती: तिन्ही जुळले की घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पहिल्या वेळी आडवं पडूनच सुया घ्या. तरी झालंच तर सगळ्या सुया काढायच्या, पाय उंच करायचे, बरं वाटल्यावर गोड काहीतरी घोट-घोट प्यायचं.

सुई अडकणं: स्नायू दचकून आवळतो आणि सुई निघत नाही. ओढू नये. दोन-तीन मिनिटं थांबून आजूबाजूला हलकं चोळलं की सुटते, नाहीतर शेजारी दुसरी सुई लावून तो स्नायू सैल करतात. काळं-निळं पडणं: सुई काढल्यावर कोरड्या कापसाने मिनिटभर दाबलं तर बरंचसं टळतं. डोळ्यांभोवती मात्र सहज डाग उठू शकतो, त्यामुळे चेहऱ्यावरच्या सुया महत्त्वाच्या समारंभाच्या आठवड्यात घेऊ नका. जर्मनीतच २,२९,२३० रुग्णांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८.६ टक्के लोकांनी काही ना काही त्रास सांगितला, आणि त्यातला मोठा वाटा रक्त साकळण्याचा किंवा थेंबभर रक्त येण्याचा होता.

त्या पाहणीत फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा भरल्याचे रुग्ण दोनच होते. दुर्मीळ, पण हे पक्कं लक्षात ठेवायचं. खांद्याच्या माथ्यावर, पाठीवरच्या खांद्यांच्या दोन पसरट हाडांच्या मध्ये आणि छातीवर त्वचेखाली फुप्फुस फार लांब नसतं, सडपातळ माणसात तर फारच जवळ. तिथे सुई उथळ आणि तिरकी जायला हवी. "इथे किती खोल घालताय?" असं विचारायला लाजू नका. खांद्यावर सुया घेतल्यानंतर काही मिनिटांनी किंवा काही तासांनी छातीत कळ, दम लागणं, कोरडा खोकला असं सुरू झालं तर थेरपिस्टला फोन करत बसू नका. इमर्जन्सीत जा, सुया घेतल्याचं सांगा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या. तोवर विमानप्रवास नाही.

कानाच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, लावलेल्या चिकटपट्टीच्या सुया तीन ते पाच दिवस ठेवतात. जागा लाल, गरम, ठसठसती झाली की त्याच वेळी काढून डॉक्टरांना दाखवा. कूर्चेतला संसर्ग कानाचा आकार बिघडवतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता हातात पडते: पुड्या, गोळ्या, काढे. घटकांची पूर्ण यादी नसेल तर नम्रपणे नाकारा. १९९० च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन उतरवायला दिलेल्या चिनी वनस्पतींच्या गोळ्यांनी कित्येकांची मूत्रपिंडं निकामी झाली. सुईचा उपचार अशा पुड्या-काढ्यांशिवाय पूर्ण होतो.

किती, आणि कुठे थांबायचं

जुन्या दुखण्याला पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, असा वेग सोयीचा. दोनदा जमत नसेल तर एकदाच, पण खाडा नको. मायग्रेन किंवा ताणाच्या डोकेदुखीच्या प्रतिबंधासाठी ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत सिटिंग असं माप दिलेलं आहे, ते डोळ्यांपुढे ठेवा.

पहिल्या सिटिंगनंतर दिवसभर अंग दुखू शकतं, मूळ दुखणंही थोडं चढू शकतं. ४८ तासांत ते निवळलं पाहिजे. पुढच्या वेळी थेरपिस्टला सांगा, सुया कमी करतील. लागू पडणाऱ्या माणसात आराम साधारण असा वाढतो: आधी काही तास, मग एक-दोन दिवस, मग पुढच्या सिटिंगपर्यंत. आराम तासांवरून दिवसांवर सरकतोय का, हेच नोंदवहीत बघायचं.

सहाव्या सिटिंगनंतर वही उघडा. सुरुवातीच्या आठवड्याच्या सरासरीशी शेवटच्या आठवड्याची सरासरी लावा. वेदनेच्या आकड्यात ३० टक्क्यांच्या आसपास घट म्हणजे कामाचा फरक समजतात, म्हणजे सातावरून पाच. तेवढी झाली, किंवा गोळ्या निम्म्यावर आल्या, तर दहापर्यंत चालू ठेवा. आकडा जागचा हलला नाही तर थांबा. "आता कुठे शरीर प्रतिसाद द्यायला लागलंय" हे वाक्य सहाव्या-सातव्या सिटिंगला हटकून ऐकू येतं. वहीत दिसत नसेल तर ते खरं धरू नका. एखाद्या वेळी पद्धत बदलून, समजा उथळ सुयांऐवजी वीजप्रवाह लावून, आणखी तीन सिटिंग करून बघायला हरकत नाही. त्यापुढे नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका, वही दाखवून त्यांच्याकडूनच डोस ठरवून घ्या.

सिटिंग संपल्यावर दहा मिनिटं तिथेच बसा. डोकं हलकं झालेलं असतं, लगेच गाडी चालवायला घेऊ नये. जिना उतरून सरळ गर्दीत शिरण्यापेक्षा गर्दीच्या वेळेआधी किंवा नंतर सुटका होईल अशीच वेळ पहिल्यापासून मागा. दुपारची मधली वेळ बऱ्याच ठिकाणी रिकामी असते. त्या दिवशी जड व्यायाम आणि मद्य नको. अंघोळीला हरकत नाही.

दोन सिटिंगच्या मधल्या दिवसांत मळमळीसाठी एक बिंदू बोटाने दाबता येतो. तळहात वर करा, मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेशी, मधोमध, दोन दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांच्या खाचेत तो सापडतो. मूठ हलकी आवळली की ते दोरे वर येतात. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं, दुखेल न दुखेल इतपत दाबा, मग दुसरा हात. सुई मात्र स्वतःच्या हाताने कधीच लावू नका, ऑनलाइन कितीही सहज मिळत असली तरी.

फरक पडून कोर्स संपत आला की एकदम सोडण्यापेक्षा अंतर वाढवत न्या: दोन आठवडे, मग महिना. महिन्याच्या अंतरातही आकडा टिकला तर थांबायला हरकत नाही, आणि पुन्हा चढला तर दोन-तीन सिटिंगची उजळणी पुरते का ते आधी बघा. शेवटच्या दिवशी थेरपिस्टकडून वापरलेल्या बिंदूंची यादी लिहून घ्या, सुईच्या मापासकट आणि वीजप्रवाह दिला असेल तर त्याच्या वारंवारतेसकट. शरीरावरच्या ३६१ बिंदूंना आंतरराष्ट्रीय सांकेतिक अक्षरं आणि आकडे आहेत, त्यामुळे उद्या घर बदललं, शहर बदललं, तरी पुढचा थेरपिस्ट तो कागद वाचून पहिल्याच दिवशी योग्य जागेपासून सुरुवात करू शकतो.